रावपुऱ्यातील चेक-वसुलीचे एक कार्यालय: नोटिशीपुरते उत्तम, कोर्टापुरते बेताचे

वडोदऱ्यात रावपुऱ्यातील एका जुन्या इमारतीच्या पहिल्या मजल्यावर एक लहानसे वकिली कार्यालय आहे, जेथे मुख्यतः परत आलेल्या चेकांचीच प्रकरणे घेतली जातात. मकरपुरा जी.आय.डी.सी. या औद्योगिक वसाहतीत माझा पुठ्ठ्याची खोकी बनवण्याचा छोटा कारखाना आहे आणि गेली काही वर्षे ग्राहकांचे न वटलेले चेक मी याच कार्यालयाकडे सोपवत आलो आहे. त्या अनुभवावर हा अभिप्राय आधारलेला आहे. कार्यालयाचे नाव मात्र मी मुद्दाम देत नाही. वकिलांनी आपल्या व्यवसायाची जाहिरात करू नये असा बार कौन्सिलचा नियम आहे आणि अशिलाने जाहीरपणे केलेली स्तुतीही त्याच नजरेने पाहिली जाण्याचा संभव असतो. शिवाय पुढे काही तक्रारीही येणार आहेत. नाव न घेताही या सेवेत काय हाती लागते आणि अशी सेवा कोठेही घेताना काय पारखून घ्यावे, हे सांगता येईल.

आमचा धंदा उधारीवर चालतो. दिवाळीच्या तोंडावर फरसाण आणि मिठाईवाल्यांची छापील खोकी एकदम जातात, माल उचलताना पार्टी देवदिवाळीनंतरच्या तारखेचा चेक देते, आणि ती तारीख उजाडली की त्यांतला एखादा परत येतो. यूपीआय घरोघरी पोहोचूनही आमच्या बाजारातून चेक गेलेला नाही, कारण येथे चेक हे पैसे देण्याचे साधन कमी आणि देणे मान्य असल्याची सही जास्त असते. पार्टीला फोन केला की ‘थई जशे, भाई’ (होऊन जाईल) हे ठरलेले उत्तर मिळते. मोठ्या कंपनीत अशा वेळी कायदा विभाग कामाला लागतो. माझ्याकडे संध्याकाळी हिशेब लिहायला येणारे मेहताजी आहेत आणि त्यांचा सगळा भर पुन्हा फोन करण्यावर असतो. चाळीस-पन्नास हजारांच्या चेकसाठी नावाजलेले वकील फारसा उत्साह दाखवत नाहीत, आणि एखाद्याने दाखवलाच तर फीचा आकडा ऐकून आपला उत्साह मावळतो. या कार्यालयाने नेमकी ही अडचण ओळखून ठरावीक फीमध्ये नोटीस काढून देण्याची पद्धत ठेवली आहे.

कार्यालय दोन खोल्यांचे आहे. बाहेर कारकून बसतात, आत वकीलबाई. कारकुनांसमोर चेक आणि बँकेचा रिटर्न मेमो ठेवला की ते रक्कम विचारत नाहीत. आधी मेमोवरचे कारण वाचतात आणि त्यावरून कागद टेबलावरच्या दोन ट्रेंपैकी एकात ठेवतात. अक्षरी आणि अंकी रक्कम जुळत नाही, चेकवर खाडाखोड आहे, तारखेपासून तीन महिने उलटून चेक शिळा झाला आहे, अशी कारणे असलेले चेक एका बाजूला जातात. त्यांवर येथे नोटीस काढली जात नाही आणि फीही घेतली जात नाही; पार्टीकडून नवा चेक घेऊन या, एवढेच सांगितले जाते. खात्यात पुरेशी शिल्लक नाही किंवा बँकेने ठरवून दिलेल्या मर्यादेपेक्षा रक्कम जास्त आहे, ही निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स कायदा, १८८१ मधील, चेक न वटणे गुन्हा ठरवणाऱ्या कलम १३८ ची मूळ कारणे दुसऱ्या ट्रेमध्ये जातात. खाते बंद केले, सही जुळत नाही किंवा पेमेंट थांबवले, हे शेरेही त्याच ट्रेमध्ये पडतात. सही जुळत नाही एवढ्यावरून चेक देणारा सुटत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये ‘लक्ष्मी डायकेम विरुद्ध गुजरात राज्य’ या निकालात सांगितलेले आहे. पेमेंट थांबवल्याच्या चेकबाबत मात्र वकीलबाई मालाविषयी बारकाईने विचारतात. खात्यात पैसे होते आणि माल खराब आला म्हणून पेमेंट थांबवले, असे पार्टीने सिद्ध केले तर गुन्हा उभा राहत नाही. त्यामुळे माल पोहोचल्याची सही असलेले चलन माझ्याकडे आहे का, आणि खोकी ओली किंवा कमी आल्याची लेखी तक्रार कधी आली होती का, हे त्या आधी पाहून घेतात.

यानंतर आतल्या खोलीत जो पहिला प्रश्न येतो, त्यासाठीच मी या कार्यालयाला मानतो. ‘चेक दिल्यापासून या पार्टीकडून एक रुपया तरी आला आहे का?’ व्यापारात हे नेहमीचे आहे. ऐंशी हजारांचा चेक आपल्याकडे असतो, मध्येच पार्टी वीस-पंचवीस हजार ऑनलाइन पाठवते, आपण ते उधारीच्या खात्यात जमा करतो आणि ठरल्या तारखेला पूर्ण ऐंशी हजारांचा चेक बँकेत भरतो. तो परत आला की नोटीसही ऐंशी हजारांचीच काढली जाते, आणि तेथे प्रकरणाचा पाया खचतो. ‘दशरथभाई त्रिकमभाई पटेल विरुद्ध हितेश महेंद्रभाई पटेल’ या २०२२ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले आहे की चेक दिल्यानंतर काही रक्कम आली असेल तर चेकच्या पाठीवर तशी नोंद करूनच तो उरलेल्या रकमेसाठी वटवायला टाकावा. तसे न करता पूर्ण रकमेचा चेक टाकला तर परत आलेला चेक कायद्याने वसूल होण्याजोग्या देण्याचा राहत नाही आणि कलम १३८ लागू होत नाही. प्रकरण गुजरातमधलेच होते, पण आमच्या औद्योगिक वसाहतीत हा निकाल माहीत असलेला माणूस मला अजून भेटलेला नाही. व्यवहारात चेकच्या पाठीवर अशी नोंद करून तो क्लिअरिंगला टाकणे बँकेच्या काउंटरवर अवघडच जाते. म्हणून वकीलबाईंचा साधा सल्ला असा असतो की थोडी रक्कम आली की जुना चेक परत करून उरलेल्या रकमेचा नवा घ्यावा. तेव्हापासून माझ्याकडे पार्टीनिहाय खात्यात हाती असलेल्या चेकचा क्रमांक लिहिलेला असतो आणि रक्कम जमा होताच मेहताजी तो चेक बाजूला काढतात. नोटिशीची फी दिली नसती तरी या एका सल्ल्यापायी मी या कार्यालयाचा ऋणी राहिलो असतो.

तारखांच्या बाबतीत कार्यालय फार काटेकोर आहे. चेक परत आल्याची माहिती बँकेकडून मिळाल्यापासून तीस दिवसांच्या आत लेखी मागणी गेली पाहिजे. पूर्वी ही मुदत पंधरा दिवसांची होती. २००२ च्या दुरुस्तीने ती वाढली. आता प्रश्न असा की माहिती केव्हा मिळाली असे मानायचे. ४ ऑक्टोबर २०२५ पासून चेकचे क्लिअरिंग दिवसभर सलग चालू झाल्याने सकाळी भरलेल्या चेकचा निकाल बहुधा त्याच संध्याकाळी मोबाइलवर येतो, आणि छापील मेमो व मूळ चेक शाखेतून हाती यायला नंतर काही दिवस जातात. कार्यालय मेमोची तारीख न धरता संदेशाची तारीख धरते. कायद्याचा अर्थ कोणी कसाही लावला तरी आपण आधीच्या तारखेने चाललो तर नुकसान होत नाही, असा त्यांचा हिशेब आहे आणि मला तो पटतो. नोटीस मिळाल्यापासून चेक देणाऱ्याला पंधरा दिवसांची सवलत असते. समजा नोटीस १० जूनला त्याच्या हाती पडली, तर ही सवलत २५ जूनला संपते, त्यानंतर तक्रारीचे कारण उत्पन्न होते आणि तेथून एका महिन्याच्या आत मॅजिस्ट्रेटपुढे तक्रार दाखल करावी लागते. २५ जून संपण्याआधी घाईने केलेली तक्रार चालत नाही, हे २०१४ च्या एका निकालाने पक्के झाले आहे. तक्रारीला उशीर झाला तर सबळ कारण दाखवून न्यायालयाकडून तो माफ करून घेता येतो, नोटिशीच्या तीस दिवसांना मात्र तशी माफी नाही. तीस दिवस हुकलेच आणि चेकच्या तारखेपासून तीन महिने अजून व्हायचे असले, तर तोच चेक पुन्हा बँकेत भरावा, पुन्हा परत आल्यास नवा मेमो घ्यावा आणि तेथून नवे तीस दिवस मोजावेत, ही वाट सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये मोकळी केली आहे. कार्यालयात हा मार्ग सुचवला जातो, पण वकीलबाई त्यावर विसंबून राहू देत नाहीत.

नोटिशीचा मसुदा पाहण्यासारखा असतो. एका पानात मावणारा, शक्यतो गुजरातीत, आणि धमकीचा एकही शब्द नसलेला. चेकचा सहा अंकी क्रमांक, तारीख, बँक व शाखा, बिलांचे क्रमांक, चेक परत आल्याचा दिवस आणि कारण, आणि मागणीची रक्कम, एवढेच त्यात असते. कारकून मूळ चेकवर पट्टी ठेवून क्रमांकाचा एकेक अंक मोठ्याने वाचतात आणि दुसरे मसुद्यावर पेन्सिलीने टिंब देत जातात. मी समोर बसलेलो असताना तारखेतील एक चुकलेला आकडा असा सापडलेला मी पाहिला आहे. मागणी चेकच्या रकमेइतकीच असते, एक रुपया अधिक नाही की उणा नाही. व्याज, बँकेचे शुल्क आणि वकिलाची फी मागायचीच असेल तर ती वेगळ्या परिच्छेदात, वेगळी मागणी म्हणून लिहिली जाते. पूर्वी मला हे फार सोवळे वाटत असे, पण सप्टेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ‘कावेरी प्लास्टिक्स’ प्रकरणात नोटिशीतील रक्कम चेकच्या रकमेशी जुळलीच पाहिजे आणि टंकलेखनातील चूक हा बचाव होऊ शकत नाही, असे म्हटले. त्या प्रकरणात एक कोटीच्या चेकसाठी दोन कोटींची मागणी गेली होती. त्यानंतर मला ही पट्टी आणि पेन्सिल अधिक आवडू लागली.

नोटीस कोणाला काढायची, यातही हे कार्यालय चुकत नाही. चेक कंपनीच्या खात्याचा असेल तर नोटीस कंपनीला आणि सही करणाऱ्या संचालकाला दोघांनाही जाते, कारण कंपनीला आरोपी न करता केवळ संचालकावर खटला चालवता येत नाही. मालकी दुकान असेल तर दुकानाच्या नावापुढे मालकाचे नाव येते. पत्ता बिलावरचा, जी.एस.टी. नोंदणीवरचा आणि घरचा असा तिहेरी लिहितात आणि प्रत्येक पत्त्यावर वेगळे पाकीट जाते. २०२५ मध्ये टपाल खात्याने रजिस्टर पोस्ट स्पीड पोस्टमध्ये विलीन केल्यापासून पाकिटे स्पीड पोस्टनेच जातात आणि पोहोचल्याचा पुरावा संकेतस्थळावरून छापून फाइलला लावला जातो. पार्टीने पाकीट घेण्याचे नाकारले किंवा दाराला कुलूप आढळले, तरी योग्य पत्त्यावर पाठवलेली नोटीस पोहोचली असे धरले जाते, हा दिलासा ‘सी. सी. अलवी हाजी’ या २००७ च्या निकालाने दिला आहे. नोटिशीची प्रत व्हॉट्सॲपवरही पाठवली जाते. अनेकदा पैसे त्या प्रतीमुळेच येतात, परंतु फाइलमध्ये तिला पुरावा म्हणून फारसे महत्त्व दिले जात नाही.

नोटिशीबरोबर वकीलबाई एक वेगळे, साधे पत्र माझ्या लेटरहेडवर पाठवायला सांगतात, आणि जी.एस.टी. नोंदणी असलेल्या पार्टीवर ते कधी कधी नोटिशीपेक्षा अधिक परिणाम करते. बिलाच्या तारखेपासून १८० दिवसांत पुरवठादाराला पैसे दिले नाहीत, तर खरेदीदाराला त्या बिलावर घेतलेले इनपुट क्रेडिट (खरेदीवरील जी.एस.टी.ची वजावट) व्याजासह परत करावे लागते. हा नियम पार्टीच्या हिशेबनिसाला ठाऊक असतो, पण मालकाला बहुधा नसतो. पत्रात बिलाचा क्रमांक, १८० दिवस पूर्ण होण्याची तारीख आणि क्रेडिटची रक्कम एवढेच लिहायचे असते. आमच्या मेहताजींना या कार्यालयाविषयी पहिल्यांदा आदर वाटला तो या पत्रामुळे. त्यांची दुसरी शंकाही तेथेच मिटली. चेक परत आल्याबद्दल पार्टीकडून वसूल केलेल्या दंडावर जी.एस.टी. लागत नाही, असे ऑगस्ट २०२२ च्या परिपत्रकात म्हटलेले आहे. आम्ही तोपर्यंत निष्कारण त्यावर कर भरत होतो, असे मात्र नाही, कारण असा दंड आम्हाला कोणी दिलाच नव्हता.

फीविषयी थोडक्यात. एका चेकच्या नोटिशीला दीड हजार रुपये आणि टपालखर्च वेगळा, एकाच पार्टीचे अनेक चेक असतील तर दुसऱ्या चेकपासून निम्मे. पावती मिळते. नोटिशीनंतर पैसे आले तर त्यात टक्केवारी मागितली जात नाही, ही मोठी गोष्ट आहे, कारण टक्केवारीवर काम करणाऱ्यांना तडजोड लवकर उरकण्याची घाई असते. माझ्या ज्या पार्ट्यांकडे पैसे होते पण देण्याची इच्छा नव्हती, त्यांतील बहुतेकांनी पंधरा दिवसांच्या आत पैसे ऑनलाइन पाठवले. ज्यांच्याकडे पैसेच नव्हते, त्यांना नोटिशीने काही फरक पडला नाही, आणि तसा तो पडणारही नव्हता. नोटीस गेल्यावर पार्टी तुटते, ही भीती मात्र मला अनाठायी वाटते. मसुदा सभ्य असला तर तो व्यवहाराचा भाग मानला जातो, आणि माझा एक जुना फरसाणवाला ग्राहक नोटिशीचे पैसे भरून पुढच्या दिवाळीला पुन्हा आला. आता तो आगाऊ रक्कम देतो.

येथपर्यंत मी या कार्यालयाला पूर्ण गुण देईन. प्रकरण दिवाळीपुऱ्याच्या कोर्टात गेले की चित्र पालटते.

माझे एक प्रकरण अंकलेश्वरच्या पार्टीविरुद्ध तेथे चालले. ते वडोदऱ्यात दाखल झाले याचे श्रेय कायद्याला आहे. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने चेक देणाऱ्याच्या बँकेचे ठिकाण धरायला सांगितल्यावर पुरवठादारांना परगावी धावावे लागत होते. २०१५ च्या दुरुस्तीने ज्या शाखेत चेक घेणाऱ्याचे खाते आहे तेथील न्यायालयाला अधिकार दिला. माझे खाते मकरपुऱ्याच्या शाखेत असल्याने पार्टीला येथे यावे लागले. तक्रारीचे कागद, शपथपत्र आणि मेमो यांची मांडणी चोख होती. बँकेचा मेमो हाच चेक परत आल्याचा प्रथमदर्शनी पुरावा असतो आणि चेक देणे फेडण्यासाठीच दिला होता असे गृहीत धरले जाते, त्यामुळे सुरुवातीची बाजू भक्कम होती. त्यानंतर मात्र कार्यालयाचे लक्ष ओसरले. प्रत्येक तारखेला नवा कनिष्ठ वकील उभा राहत असे, त्याला प्रकरण ठाऊक नसे आणि पुढची तारीख मला कोणीही कळवत नसे. ई-कोर्ट्सच्या ॲपमध्ये प्रकरणाचा ओळख क्रमांक (सी.एन.आर.) घालून मीच तारखा पाहू लागलो आणि कारकुनांना आठवण करू लागलो. फी टप्प्यांनी आकारली जाते, पण टप्पा कोणता आणि तो संपला केव्हा, हे लेखी कळत नाही. ही तक्रार मी वकीलबाईंना प्रत्यक्ष सांगितली आहे. त्यांनी ती शांतपणे ऐकली आणि फरक असा पडला की तारखेच्या आदल्या संध्याकाळी आता फोन येतो. काहीतरी सुधारणा आहे, पण तारखेच्या आदल्या संध्याकाळी कारखान्याचा माणूस मोकळा करणे सोपे नसते.

विलंबाचा सगळा दोष कार्यालयाच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. अशा तक्रारी सहा महिन्यांत निकाली काढण्याचा प्रयत्न व्हावा असे कायदा म्हणतो. प्रत्यक्षात २०१९ च्या अखेरीस देशातील २.३१ कोटी प्रलंबित फौजदारी प्रकरणांपैकी ३५.१६ लाख केवळ कलम १३८ ची होती, हे सर्वोच्च न्यायालयानेच नोंदवले आहे. दोन वर्षांपर्यंत कैद किंवा चेकच्या दुपटीपर्यंत दंड ही शिक्षा ऐकायला जबर वाटते, पण कारखानदाराला शिक्षेपेक्षा पैसे हवे असतात. खटला चालू असताना चेकच्या रकमेच्या वीस टक्क्यांपर्यंत अंतरिम भरपाई देण्याचा अधिकार २०१८ च्या दुरुस्तीने न्यायालयाला मिळाला आहे. अनेक जण ही रक्कम हक्काने मिळते असे सांगतात. वकीलबाईंनी तसे सांगितले नाही. तो न्यायालयाच्या विवेकाचा प्रश्न आहे आणि २०२४ च्या निकालाने ते पक्के झाले आहे, हे त्यांनी अर्ज करण्याआधीच स्पष्ट केले. आम्हाला ती भरपाई मिळाली नाही, पण आशा वाढवून ठेवली गेली नव्हती, याची नोंद त्यांच्या बाजूने करायला हवी.

शेवटी प्रकरण लोक अदालतीत हप्त्यांवर मिटले. येथे वकीलबाई स्वतः हजर राहिल्या आणि तडजोडीच्या कागदावर प्रत्येक हप्त्याची तारीख, रक्कम आणि हप्ता चुकल्यास काय होईल हे त्यांनी लिहवून घेतले. लोक अदालतीचा निवाडा दिवाणी हुकूमनाम्याप्रमाणे बजावता येतो, चेकच्या फौजदारी प्रकरणातला असला तरीही, आणि त्यावर अपील नसते. त्यामुळे पुढचे हप्ते वेळेवर आले. जे काम नोटिशीच्या वेळी इतक्या दक्षतेने होते तेच काम तडजोडीच्या वेळीही होते, फक्त मधली वाट अशिलाने एकट्याने काढायची, असा माझा एकूण अनुभव आहे.

इतर पर्याय मी पाहिले आहेत. पाचशे रुपयांत ऑनलाइन नोटीस काढून देणाऱ्या सेवांचा मसुदा एकाच साच्याचा असतो. मी चाचपून पाहिलेल्या एका संकेतस्थळाच्या अर्जात चेक दिल्यानंतर आलेल्या रकमेसाठी रकानाच नव्हता. वसुलीची माणसे दारात पाठवणाऱ्यांकडे जाऊ नये, एवढेच लिहितो. ज्यांचा कारखाना उद्यम नोंदणीकृत सूक्ष्म किंवा लघु उद्योग आहे, त्यांना केंद्र सरकारच्या पोर्टलवर थकबाकीची तक्रार करता येते. तेथे ४५ दिवसांच्या पुढील थकबाकीवर बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज मिळण्याची तरतूद आहे आणि त्यासाठी चेक परत आलेला असण्याचीही गरज नाही. केवळ खरेदी-विक्री करणाऱ्या व्यापाऱ्यांना हा लाभ सहसा मिळत नाही, म्हणून मांडवी किंवा मंगळ बाजारातील दुकानदारांना चेकचाच मार्ग उरतो. दिवाणी न्यायालयातील ऑर्डर ३७ चा दावा (चेकसारख्या लेखी देण्यावरचा संक्षिप्त दावा) मोठ्या रकमेसाठी विचारात घ्यावा; त्याला रकमेच्या प्रमाणात कोर्ट फी लागते आणि हे कार्यालय तो दावा घेत नाही.

माझ्या मते एक-दोन लाखांच्या आतील चेक, पार्टी चालू धंद्यातली आणि कागद पूर्ण असलेली, अशा प्रकरणात येथील नोटीस घ्यावी. प्रकरण कोर्टात नेण्याची वेळ आलीच, तर कोण वकील उभे राहतील आणि तारीख कोण कळवील हे पहिल्याच दिवशी लेखी ठरवून घ्यावे, किंवा त्या टप्प्यासाठी दुसरे वकील पाहावेत. मसुदा व फाइल कार्यालय विनातक्रार सुपूर्द करते. जाताना मूळ चेक, छापील मेमो, बँकेच्या संदेशाचा स्क्रीनशॉट, बिले, सही असलेली चलने, ई-वे बिल असल्यास ते, आणि पार्टीचा पहिल्या व्यवहारापासूनचा खातेउतारा सोबत न्यावा. उतारा नसेल तर कारकून परत पाठवतात. कार्यालय सकाळी उघडत नाही, कारण सगळे कोर्टात असतात. संध्याकाळी पाचनंतर जावे. तीस दिवसांतील शेवटचे चार दिवस उरलेले असताना नवे प्रकरण तेथे घेतले जात नाही, कितीही ओळखीचा माणूस असला तरी.